नेहमीच असं होतं का?

१९८४ सालच्या जून महिन्यात मी एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागलो. पहिल्याच आठवड्यात वर्गाला एक खेळ लावून दिला. वर्गात साठ मुलंमुली होती. प्रत्येकानं एक नाणं शंभर वेळा उडवायचं आणि छापा किती वेळा पडला ते वहीत लिहायचं. नाण्यांचा असा खणखणाट झाला की शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन बघून गेले. मग मी एकेकाला आकडा विचारत गेलो आणि फळ्यावर त्या त्या आकड्याच्या जागी एकावर एक फुल्या मारत गेलो. ५२, ४७, ५०, ५५, ४९... मधे फुल्या उंच चढल्या, दोन्ही बाजूंना उतरत गेल्या आणि कडेला अगदी तुरळक झाल्या. एकाचे छापे ३८, एकीचे ६२, पण बहुतेक सगळे पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मधे. खळ्यावर ओतलेल्या धान्याची रास कडेला पसरत जावी, तसा आकार फळ्यावर उभा राहिला होता.

मुलं खूश झाली. कुणी कुणाशी ठरवलेलं नव्हतं, तरी रास बरोबर जमली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, नेहमीच असं होतं का?" तास संपल्याची घंटा झाली होती. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "हो, नेहमीच. कशाचीही बेरीज घे."

ते उत्तर चुकीचं होतं. मला ते कळायला काही वर्षं गेली. माणसाला मात्र त्या एका प्रश्नाचं नीट उत्तर शोधायला दोनशे वर्षं लागली होती. आज त्या दोनशे वर्षांची गोष्ट आपल्याला सांगायची आहे.

तिची सुरुवात एका निर्वासितापासून होते. अब्राहम द म्वाव्ह्र हा १६६७ साली फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट कुटुंबात जन्मला. १६८५ साली चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं आणि हजारो कुटुंबांनी देश सोडला. द म्वाव्ह्र लंडनला आला. न्यूटन त्याला मानत असे, पण परक्या देशातून आलेल्या या माणसाला विद्यापीठात जागा कधीच मिळाली नाही. घरोघर शिकवण्या करायच्या आणि कॉफीहाउसमध्ये बसून जुगाऱ्यांना डावांचे हिशेब सांगायचे, यावर त्याची गुजराण चाले.

१२ नोव्हेंबर १७३३ या तारखेचं एक छोटं लॅटिन टिपण त्यानं छापून मोजक्या मित्रांना वाटलं. नाणं पुष्कळ वेळा उडवलं तर छाप्यांची संख्या निम्म्यापासून किती दूर जाईल, हा त्याचा प्रश्न होता. त्यानं ३६०० नाणेफेकींचा हिशेब मांडला. अपेक्षा १८०० छाप्यांची. त्याचं उत्तर असं, की छापे १७७० ते १८३० च्या मधे पडण्याची शक्यता शंभरात सुमारे अडुसष्ट आहे. आमच्या वर्गातल्या शंभर नाणेफेकींत हाच फरक पाचाचा होता. फेकी छत्तीस पट वाढल्या, पण फरक सहाच पट वाढला. याचं कारण असं, की इकडच्या चुका तिकडच्या चुकांना खोडत जातात. बेरीज जसजशी मोठी होते, तसतशी तिची लहर तुलनेनं लहान होते. आज ज्या आकाराला आपण घंटेसारखा वक्र म्हणतो, ज्याला पाठ्यपुस्तकात प्रसामान्य वितरण हे भारदस्त नाव आहे, तो आकार कागदावर पहिल्यांदा उतरला तो या टिपणात.

पण हे झालं नाण्यापुरतं. फासे असतील तर? दुर्बिणीतून तारा पाहताना होणाऱ्या चुका असतील तर? १८१० साली लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं की नाणं असो की दुसरं काही, एकमेकांशी संबंध नसलेल्या पुष्कळशा लहान लहान गोष्टींची बेरीज केली की शेवटी तीच रास उभी राहते. आदल्याच वर्षी जर्मनीत गाउसनं ग्रहांच्या कक्षा काढताना निरीक्षणातल्या चुकांसाठी नेमका हाच वक्र वापरला होता. दोन वाटा एका ठिकाणी येऊन मिळाल्या.

मग या वक्राचं वेडच लागलं. बेल्जियमच्या केटलेनं पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं मांडली, तिथं रास दिसली. इंग्लंडच्या गॉल्टननं १८७० च्या दशकात एक खिळ्यांची फळी बनवली. वरून छर्रे सोडायचे, प्रत्येक खिळ्यावर आपटून ते डावीकडे किंवा उजवीकडे वळणार आणि खालच्या कप्प्यांत जाऊन पडणार. प्रत्येक छर्रा आपल्या मर्जीनं उड्या मारतो, पण खाली जमा होते ती रास. माणसाची उंची अशी का पसरते, याचं उत्तर या फळीत होतं. आईबापांकडून आलेले असंख्य बारीक गुण, खाणंपिणं, लहानपणची दुखणी, असे अनेक छोटे धक्के एकत्र येऊन एक उंची ठरते.

सगळीकडे रास दिसू लागली की शंका घेण्याची सवय सुटते. फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे यांनी त्या काळातला एक विनोद नोंदवून ठेवला आहे. या नियमावर सगळ्यांचाच विश्वास आहे, म्हणे; प्रयोग करणाऱ्यांना वाटतं की तो गणितज्ञांनी सिद्ध केलाय आणि गणितज्ञांना वाटतं की तो प्रयोगानं ठरलाय. थोडक्यात, त्या मुलीला मी जे उत्तर दिलं तेच उत्तर एकोणिसाव्या शतकातले बरेच विद्वान देत होते. तेवढाच मला दिलासा.

पण सगळेच गप्प नव्हते. १८५३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत कोशी आणि बिएनेमे या दोन गणितज्ञांची जोरदार जुंपली. बिएनेमे लाप्लासच्या बाजूचे. कोशी यांनी चुकांचा असा एक प्रकार पुढे केला, की तिथं हजार निरीक्षणांची सरासरी काढूनही एका निरीक्षणापेक्षा रतीभर अधिक खात्री मिळत नाही.

हा प्रकार समजायला सोपा आहे. एका लांबच लांब भिंतीसमोर उभे राहा, डोळे मिटा, हातात टॉर्च घेऊन गिरकी घ्या आणि मनाला येईल तेव्हा थांबा. प्रकाश भिंतीवर कुठं पडला त्याची खूण करा. तोंड भिंतीकडे नसेल तर ती फेरी सोडून द्या. बहुतेक खुणा तुमच्या समोरच पडतील. पण कधीतरी टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर थांबेल आणि प्रकाश पडेल तो मैलभर लांब. ती एक खूण आधीच्या शेकडो खुणांची सरासरी खेचून नेते. पुन्हा शंभर-दोनशे खुणा करून सरासरी जरा जागेवर येते न येते, तोच आणखी एक खूण दोन मैलांवर. इथं चुका चुकांना खोडत नाहीत, एकच चूक सगळ्यांना गिळते. इथं घंटेची रास कधीच जमत नाही.

असल्या चुका करणारं उपकरण कुठलाही साधा कारागीरसुद्धा विकायला ठेवणार नाही, अशा अर्थाचा टोला बिएनेमे यांनी हाणला. उपकरणापुरतं ते बरोबरच होतं. पण निसर्ग आणि बाजार काही कारागिराकडून घडवून घेतलेले नाहीत.

पुढचा टप्पा रशियात घडला. चेबिशेव आणि त्यांचे शिष्य मार्कोव, ल्यापुनोव यांनी आग्रह धरला की 'सर्वसाधारणपणे असं होतं' हे गणितात चालणार नाही, कुठल्या अटींवर होतं ते सांगा. १९०१ साली ल्यापुनोव यांनी अशा अटी देऊन पक्की सिद्धता दिली. या सिद्धांताला 'सेंट्रल लिमिट थिअरम' हे नाव मिळालं ते १९२० साली, पोल्या या हंगेरियन गणितज्ञाकडून. सेंट्रल म्हणजे संभाव्यतेच्या शास्त्रात मध्यवर्ती महत्त्वाचा, एवढाच त्याचा अर्थ.

१९२२ साली फिनलंडच्या लिंडेबर्ग यांनी ती अट अगदी नेमकी केली. हे गृहस्थ प्राध्यापकही होते आणि शेतकरीही. संशोधन कमी होतंय असं कुणी म्हटलं की ते म्हणत, मी मुळात शेतकरी आहे. शेत नीट कसलेलं नाही असं कुणी म्हटलं की म्हणत, माझा खरा धंदा प्राध्यापकी. त्यांची अट साध्या भाषेत सांगायची तर अशी: बेरजेत पुष्कळ जण असावेत, ते एकमेकांच्या सांगण्यावरून वागणारे नसावेत आणि त्यांतल्या कुणाही एकाचं वजन बाकीच्यांवर भारी पडू नये. ओझं सगळ्यांनी थोडं थोडं उचललेलं असावं. तसं असेल तर घंटेची रास. १९३५ साली फेलर आणि पॅरिसचे पॉल लेव्ही यांनी वेगवेगळं काम करून याची उलट बाजूही दाखवली. कुणा एकाचं पारडं जड नाही हे ठरलेलं असेल, तर लिंडेबर्गची अट पुरेशी तर आहेच, पण टाळताही येत नाही.

याच सुमारास केंब्रिजमध्ये एका विद्यार्थ्यानं हा सिद्धांत एकट्यानं, आधीचं काहीही न वाचता सिद्ध केला. बारा वर्षांपूर्वी लिंडेबर्ग यांनी हे केलंय, असं त्याला नंतर सांगण्यात आलं. तरीही त्या प्रबंधावर किंग्ज कॉलेजनं १९३५ साली त्याला फेलो करून घेतलं. वय बावीस, नाव ॲलन ट्युरिंग. पुढे संगणकाचा पाया घालणारा तो हाच.

एकाचं वजन भारी पडणं म्हणजे काय, ते आपण मुंबईत पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. तिथं अख्ख्या पावसाळ्याची सरासरी दोन हजार मिलीमीटरच्या थोडी वर आहे. म्हणजे चार महिन्यांच्या सरासरी बेरजेच्या जवळपास चाळीस टक्के पाऊस एका दिवसात पडला. पावसाचे दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून हे काटेकोर उदाहरण नव्हे. पण 'सरासरी दिवस' पाहून गटारं बांधली तर काय होतं, हे सांगायला पुरेसं आहे.

आता खरा प्रश्न उरतो. घंटेची रास नसेल तर मग काय? लेव्ही यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं, की अशा बेरजांनाही आकार असतात. त्यांचं एक कुटुंबच आहे. त्या कुटुंबातल्या एका आकाराच्या संख्या कितीही मिळवल्या, तरी बेरीज त्याच आकाराची राहते, फक्त मोजपट्टी बदलावी लागते. घंटेचा वक्र त्या कुटुंबातला एक सदस्य, टॉर्चच्या खुणा हा दुसरा आणि मधे असंख्य भावंडं. कुठल्या प्रकारच्या संख्या मिळवल्या की बेरीज यांपैकी कोणत्या भावंडाकडे झुकते, हे मात्र ठरायचं होतं. १९४० च्या आसपास दोन तरुणांनी, एकमेकांपासून दूर, या प्रश्नाचं उत्तर दिलं.

पहिला बोरिस ग्नेडेंको, मॉस्कोतला, १९१२ चा जन्म. डिसेंबर १९३७ मध्ये, स्टालिनच्या त्या भयंकर धरपकडीच्या काळात, त्याला अटक झाली. क्रांतीविरोधी टोळी आहे आणि तिचा म्होरक्या गणिताचे प्राध्यापक कोल्मोगोरोव आहेत, असं लिहून दे, म्हणून त्याच्यावर दबाव आणला गेला. त्यानं सही केली नाही. सुमारे सहा महिन्यांनी तो सुटला आणि पुन्हा आपल्या बेरजांकडे वळला.

दुसरा वोल्फगांग डोब्लिन. १९१५ साली बर्लिनमध्ये जन्मलेला. वडील आल्फ्रेड डोब्लिन हे जर्मनीतले नावाजलेले कादंबरीकार. ज्यू कुटुंब, त्यामुळे १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच देश सोडावा लागला. पॅरिसला आल्यावर पोरानं गणित धरलं, फ्रेंच नागरिकत्व घेतलं आणि १९३८ साली, तेविसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी सैन्यात भरती झाला. कुठली बेरीज कुठल्या आकाराकडे जाते, हे त्यानंही ग्नेडेंकोपासून स्वतंत्रपणे सोडवलं. शिवाय आणखी एक विलक्षण गोष्ट दाखवली. काही संख्या अशा असतात, की त्या मिळवत गेलं तर बेरीज कधी एका आकाराजवळ जाते, कधी दुसऱ्या, आणि शेवटपर्यंत कुठंच स्थिरावत नाही.

१९३९-४० च्या हिवाळ्यात तो आघाडीवर टेलिफोनचं काम करत होता. तिथं त्यानं एका शाळकरी वहीत नवं संशोधन लिहून काढलं. आजवर बेरीज होती ती मोजक्या संख्यांची. इथं ती होती क्षणाक्षणाला बसणाऱ्या धक्क्यांची. फेब्रुवारी १९४० मध्ये त्यानं ती वही पाकिटात घालून, सीलबंद करून पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठवली. असं पाकीट न उघडता जपून ठेवण्याची त्या अकादमीची जुनी पद्धत आहे. जूनमध्ये फ्रान्स कोसळला. २१ जून १९४० ला व्होज भागातल्या ऊसेरास या खेड्यात जर्मन सैन्य शिरत असताना त्यानं एका शेतघरात आपले कागद जाळले आणि स्वतःचा अंत करून घेतला. तो पंचवीस वर्षांचा होता. आईवडील तेव्हा पळापळीत होते. मुलगा गेल्याचं त्यांना कळलं ते १९४५ साली. पुढे त्या दोघांनाही त्याच खेड्यात, त्याच्या शेजारी पुरण्यात आलं.

ते पाकीट साठ वर्षं तसंच पडून होतं. मे २००० मध्ये, कुटुंबाच्या संमतीनं ते उघडलं गेलं. जपानच्या इतो यांनी १९४० च्या दशकात जे गणित उभं केलं आणि ज्यावर आज निम्मं अर्थशास्त्र चालतं, त्याचा बराचसा गाभा त्या शाळकरी वहीत आधीच लिहिलेला होता.

१९४९ साली रशियात एक पुस्तक निघालं, स्वतंत्र यादृच्छिक संख्यांच्या बेरजा शेवटी कोणते आकार घेतात, या एकाच विषयावरचं. लेखक दोन: ग्नेडेंको आणि कोल्मोगोरोव. ज्याच्याविरुद्ध सही करायला सांगितली होती त्या माणसाच्या नावाशेजारी ग्नेडेंकोचं नाव छापलं गेलं. त्याचं १९५४ सालचं इंग्रजी भाषांतर मला कॉलेजात लागल्यावर काही वर्षांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं. वाचता वाचता माझं ते 'हो, नेहमीच' आठवलं आणि कान गरम झाले.

या कथेचा एक धागा आपल्या देशातूनही जातो. १९६२ साली कोल्मोगोरोव कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले होते. तिथले काही तरुण याच बेरजांचे नियम आणखी व्यापक ठिकाणी नेऊ पाहत होते. त्यांतल्या श्रीनिवास वरदन यांचा प्रबंध कोल्मोगोरोव यांनी तपासला. पुढे वरदन यांनी विशेष अभ्यास केला तो राशीच्या अगदी कडेला असणाऱ्या, क्वचित घडणाऱ्या घटनांचा. २००७ साली त्यांना गणितातलं आबेल पारितोषिक मिळालं.

ही कड इतकी महत्त्वाची का? १९६३ साली मांडेलब्रोट यांनी कापसाच्या भावांच्या जुन्या नोंदी तपासल्या. पॅरिसमध्ये लेव्ही जिथं शिकवत, तिथंच ते शिकले होते. त्यांना घंटेचा वक्र दिसला नाही, लेव्हींच्या कुटुंबातलं दुसरंच भावंड दिसलं. भावाच्या मोठ्या उड्या वक्रानुसार जितक्या क्वचित पडायला हव्यात, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पडत होत्या. भाव नेमके कोणत्या आकाराचे, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेतला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला. घंटेच्या हिशेबानं विश्वाच्या वयाइतका काळ रोज बाजार भरला असता, तरी असा दिवस यायला नको होता. तो आला, कारण बाजारातली माणसं एकमेकांकडे बघून विकतात आणि एकाची घाई सगळ्यांवर भारी पडते. लिंडेबर्गची अट तिथंच मोडते.

त्यानंतर दरवर्षी मी वर्गात नाण्यांचा तो खेळ घेत राहिलो, पण पुढे एक दुसरा तासही जोडला. भिंतीचा आणि टॉर्चचा. पहिल्या तासाला मुलं हसत बाहेर पडत, दुसऱ्या तासाला विचार करत.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आज साठीला टेकली असेल. ती कुठं आहे, मला ठाऊक नाही. हे भाषण तिच्या कानावर पडलं असेल, तर बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देतो आहे. नाही, नेहमीच असं होत नाही. पुष्कळ जण असतील, प्रत्येक जण आपल्या बुद्धीनं चालत असेल आणि कुणी एक सगळ्यांवर भारी पडत नसेल, तरच ती रास जमते. घंटा झाली म्हणून मी तेव्हा घाईनं बोललो, त्याबद्दल माफ करा.